नातेवाईकांनी बाहेर थांबावं

मशीनच्या खोलीच्या दारावर एक पाटी आहे: ‘नातेवाईकांनी बाहेर थांबावं.’ थोरलीनं ती स्वतःच्या हातानं लिहून लावली, त्याला अकरा वर्षं झाली. पुठ्ठ्याचे कोपरे आता वळलेत, पण अक्षर अजून ठसठशीत आहे.

थोरलीचं काम छातीचे फोटो काढायचं. चुंबकाच्या बोगद्यात बाईला पालथं झोपवायचं, हाताच्या शिरेतून औषध सोडायचं आणि ते आत कुठे पोचतं, किती लवकर पोचतं, ते मिनिटामिनिटाला टिपायचं. औषध रक्तासोबत जातं. जिथे रक्ताची ओढ जास्त, तिथे पडद्यावर उजळतं. वाईट गाठ हावरट असते, पंगतीत आधी बसते आणि आधी उठते. निरोगी मांस सावकाश, सगळ्यांच्या मागून.

पण बाईचं शरीर म्हणजे काही दगडाची भिंत नव्हे. ते भरतं, ओसरतं. पाळीच्या आधीच्या आठवड्यात निरोगी मांससुद्धा उजळतं. अंगावर पाजणारीचं उजळतं, गोळ्या-इंजेक्शनं घेणारीचं उजळतं. वय झालं की निवत जातं. किरणांचा उपचार झालेली बाजू अंधारीच राहते. म्हणून आधी विचारायचं. विचारल्याशिवाय काढलेला फोटो म्हणजे भर दुपारी काजवा शोधणं, असं डॉक्टर म्हणायचे. काजवा असतो तिथेच, पण दिसायचा कसा?

पाटी लागली ती एका नव्या सुनेमुळे. सोबत सासू होती. थोरलीनं विचारलं, “काही गोळ्या चालू आहेत?” सुनेनं नकारार्थी मान हलवली. सासू म्हणाली, “छे, डोकं दुखलं तरी गोळी घेत नाही ती.” फोटो निघाला तो सगळा लखलखीत. दुसऱ्या दिवशी सुनेचा फोन आला, दबक्या आवाजात. मूल राहू नये म्हणून गोळ्या घेते, घरात कुणाला ठाऊक नाही. थोरलीनं त्याच दुपारी पुठ्ठा कापला. माणूस माणसाच्या देखत खरं बोलत नाही, आणि आपल्या माणसाच्या देखत तर नाहीच नाही.

तेव्हापासून ती तीनदा विचारायची. फॉर्म भरताना, सुई लावताना, झोपवताना. खात्यातले लोक तिला फौजदार म्हणायचे. एक सत्तरीची बाई एकदा वैतागून म्हणाली होती, “अगं, माझी पाळी जाऊन तुझ्या नोकरीपेक्षा जास्त वर्षं झाली.”

“मग कुठल्या साली गेली ते सांगा,” थोरली म्हणाली होती, आणि साल लिहून घेतलं होतं.

अशी ती. आणि सहा महिन्यांपूर्वी, एकाच बाईला, तिनं एकदाही विचारलं नाही.

*

दोघी बहिणींत सात वर्षांचं अंतर. थोरली बोलकी, धाकटी मुकी. मुकी म्हणजे बोलता न येणारी नव्हे, बोलायला उशीर करणारी. प्रश्न तिच्यापर्यंत पोचायच्या आत थोरलीचं उत्तर देऊन झालेलं असायचं. लहानपणी डॉक्टरांनी धाकटीला जीभ दाखव म्हटलं की थोरली सांगायची, “घसा दुखतोय तिचा. काल बर्फ खाल्लाय.” शाळेत बाईंनी विचारलं, गृहपाठ का नाही, की वरच्या वर्गातून थोरली यायची. आई वेण्या घालताना दोघींना पुढ्यात बसवून गुणगुणायची,

माझ्या गं दोघी लेकी, एक मुकी एक बोलकी
धाकलीची दुखणी सारी थोरलीच्या मुखी

थोरलीला त्या ओळींचा केवढा अभिमान. धाकटी तेव्हाही काही म्हणायची नाही. वेणी ओढली गेली तरी नाही.

आई गेली ती छातीच्याच दुखण्यानं. तिची गाठ कळली तेव्हा फार उशीर झाला होता. म्हणून दोघींनी वर्षातून एकदा असा फोटो काढायचा, हे थोरलीनं ठरवलं. म्हणजे दोघींचं तिनंच ठरवलं.

सहा महिन्यांपूर्वी धाकटीच्या फोटोची वेळ आली. थोरलीनं फोनवर पाळीची तारीख विचारून घेतली होती, नववा दिवस धरून वेळ दिली होती. अगदी योग्य आठवडा. सकाळी गर्दी होती, म्हणून धाकटी पोचायच्या आधीच तिनं फॉर्म भरून टाकला. नाव, वय, आईचा आजार. खाली रकाने: गोळ्या? इंजेक्शनं? मूल राहण्यासाठी काही उपचार? तिन्हीपुढे तिनं ‘नाही’ लिहिलं. गोल, ठसठशीत. हातच्या काकणाला आरसा कशाला.

झोपवताना गाऊन सरकला, तेव्हा धाकटीच्या बेंबीजवळ दोन-तीन निळसर ठिपके दिसले.

“हे काय गं?”

“टेबल लागलं.”

“धांदरटच आहेस,” थोरली म्हणाली आणि तिच्या हातात धोक्याची घंटी वाजवायचा रबरी गोळा दिला.

फोटो आले तेव्हा डॉक्टर बराच वेळ पडदा बघत राहिले. दोन्ही बाजू सारख्याच पेटल्या होत्या, ठिपक्यांनी, पुंजक्यांनी, आभाळ फुटल्यासारख्या.

“दिवस कितवा?”

“नववा. मी स्वतः मोजलाय.”

“हॉर्मोन्स वगैरे काही?”

“नाही सर.”

“नक्की?”

“बहीण आहे माझी.”

डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. ती पाटी लागल्यापासून या बाईचा फॉर्म चुकलेला त्यांनी पाहिला नव्हता. फॉर्मवर शंका असती तर त्यांनी पुढच्याच महिन्यात पुन्हा बोलावलं असतं. “मग ठेवणच अशी असणार हिची,” ते म्हणाले. “काही बायकांचं असतं. वेगळं काही ठळक दिसत नाही. सहा महिन्यांनी परत बघू.”

ठेवणच अशी. थोरलीनं ते धाकटीला हसत हसत सांगितलं. “तू बाहेरून मुकी, आतून झगझगीत.” धाकटीही हसली. जरा उशिरा.

*

पंधरा दिवसांपूर्वी धाकटीला अंघोळ करताना काखेत वाटाण्याएवढं काही लागलं. तिनं ते दोन दिवसांनी सांगितलं. तिच्या मानानं लवकरच.

थोरलीनं पुन्हा दिवस मोजले. या वेळी आठवा. सकाळी नऊ वाजता धाकटी नवऱ्यासोबत आली. कानातलं, अंगठी, घड्याळ तिनं रुमालात बांधून त्याच्या हाती दिलं. तो उंच, वाकून चालणारा, भीती वाटली की विनोद करणारा.

“ताई, तुमच्या चुंबकाला माझं नशीब चिकटतंय का बघा,” तो म्हणाला. “लोखंडाचंच आहे.”

“पाटी वाच,” थोरली म्हणाली.

“वाचली. बाहेर थांबतो.” तो बाकावर बसला आणि रुमालाची गाठ पुन्हा घट्ट केली.

आतल्या खोलीत मावशी होत्या, गाऊन देणाऱ्या, सुयांची तबकं आवरणाऱ्या. अखंड बोलतात म्हणून सगळे त्यांना रेडिओ म्हणायचे. आज रेडिओही बंद होता.

थोरलीनं कोरा फॉर्म घेतला. का कोण जाणे, या वेळी तिचा हात पुढे जाईना. काखेतल्या त्या वाटाण्यानं तिला घाबरवलं होतं, आणि घाबरलेला माणूस नियमाला धरून चालतो. तिनं खुर्ची ओढली, अनोळखी बाईसमोर बसावं तशी बसली.

“गोळ्या चालू आहेत का काही?”

“आता नाहीत,” धाकटी म्हणाली.

थोरलीनं वर पाहिलं. “आता म्हणजे?”

धाकटी गाऊनची नाडी बोटाला गुंडाळत होती. सोडत होती, परत गुंडाळत होती. मावशींनी तबक उचललं आणि न बोलता बाहेर गेल्या.

“मागच्या वेळी चालू होती,” धाकटी म्हणाली. “इंजेक्शनं. मूल राहावं म्हणून. रोज एक, पोटात. तू फोटो काढलास तेव्हा सातवं का आठवं झालं होतं.”

मशीनचा पंप भिंतीपलीकडे लयीत चालू होता. जातं ओढावं तसा, पण पीठ पडत नव्हतं.

“मला नाही सांगितलंस.”

“कुणालाच नाही. ह्यांना तेवढं माहीत होतं.” ती थांबली. तिच्या थांबण्यात थोरली नेहमी शिरायची. आज शिरली नाही. मग धाकटीच पुढे म्हणाली, “पहिल्या खेपेला तू सगळ्यांना फोन केलेस. दुसऱ्या खेपेलाही. आनंदानंच केलेस, माहितीये मला. पण दोन्ही वेळा राहिलं नाही, आणि मग वर्षभर लोक विचारत राहिले. भाजी घेताना विचारायचे. म्हटलं, या वेळी पोटात काही धरेपर्यंत तोंडात नको. आणि धरलंच नाही.”

थोरलीच्या डोळ्यांसमोर ते निळे ठिपके आले. शेकडो बायकांच्या पोटांवर तिनं ते पाहिले होते. तिच्याइतके ते कोण ओळखणार होतं? बहिणीच्या पोटावर ते होते म्हणून ते टेबलाचे झाले.

“काही बिघडलं का त्यानं?” धाकटीनं विचारलं.

“आधी झोप,” थोरली म्हणाली. “हात वर घे. हलू नकोस.”

*

काचेपलीकडून बोगद्यात धाकटीचे तळपाय तेवढे दिसत होते. टाचेला भेगा. आई असती तर रात्री तेल लावलं असतं.

थोरलीनं औषधाआधीचे फोटो घेतले, मग औषध सोडलं. पहिलं मिनिट. पडदा काळा राहिला. स्वच्छ, शांत, नांगरून ठेवलेल्या काळ्या रानासारखा. तिला क्षणभर वाटलं, काही नाही, देवा, काहीच नाही. मग चित्र सरकत सरकत डावीकडे आलं आणि तिथे तो होता. एकटा. काटेरी कडेचा. पहिल्याच मिनिटाला लख्ख, आणि तिसऱ्या मिनिटाला विझू लागलेला.

आधी बसतो, आधी उठतो.

तिला हे कुणी सांगायला नको होतं. हजारभर बायकांचा तो तिनं पाहिला होता. तिचे हात मात्र आपलं काम करत राहिले, चौथं मिनिट, पाचवं मिनिट. माइकमधून ती म्हणाली, “छान चाललंय. अजून थोडा वेळ.” तिचा तो आवाज ठरलेला होता, सगळ्यांसाठी एकच, गरम न गार.

डॉक्टर आले. उभ्यानंच बघत होते, मग बसले. त्यांनी काखेतल्या गाठी मोजल्या. वाटाणा एकटा नव्हता. मग ते चित्रांच्या कडेला गेले, जिथे घाईत कुणी जात नाही. छातीच्या मधल्या हाडात एक पुसटसा उजेड होता. त्याच्या खाली अजून एक.

त्यांनी सहा महिन्यांपूर्वीचं चित्र शेजारी लावलं. डावीकडे झगमगाट, उजवीकडे अंधार. अंधारातल्या काट्यावर त्यांनी एक खूण ठेवली आणि तीच जागा झगमगाटात शोधली.

तो तिथे होता. छोटा, तांदळाएवढा. आजूबाजूच्या शंभर उजेडांत एकशे एकावा. आता बघताना वाटत होतं, हा दिसला कसा नाही? पण तो दिसण्यासारखा नव्हता. त्याला लपवणारा प्रत्येक दिवा निरोगी होता.

“तेव्हा हाडात काही नव्हतं,” डॉक्टर हळूच म्हणाले. “नववा दिवस, आणि एवढं उजळलं. मला अजून कळत नाही.”

“इंजेक्शनं चालू होती,” थोरली म्हणाली. “मूल राहण्यासाठी.”

डॉक्टरांनी मान वळवली. जुना फॉर्म पडद्यावर उघडला. ‘नाही’ तिथेच होतं, तीनदा, एकाखाली एक. त्यांनी ते वाचलं आणि थकलेल्या माणसासारखे कळफलकाकडे वळले. “ठीक आहे. ‘मागील तपासणीच्या वेळी रुग्णाने उपचारांची माहिती दिली नव्हती.’ असं लिहितो. तेवढं लिहावं लागेल.”

ते टाइप करू लागले. ‘मागील तपासणीच्या वेळी रुग्णाने’ इथपर्यंत आले.

गप्प राहिलं तर वाक्य पुरं होणार होतं. कागदावर कायमचं. धाकटीनं सांगितलं नाही, म्हणून चूक धाकटीची. खोटंही म्हणता आलं नसतं कुणाला.

“सर,” थोरली म्हणाली. “तिला विचारलंच नव्हतं.”

“म्हणजे?”

“ती यायच्या आधी मी फॉर्म भरला. अक्षर माझं आहे. तिनं तो वाचलाही नाही.”

डॉक्टरांची बोटं थांबली. ते तिच्याकडे बघत राहिले. रागानं नव्हे. रागावले असते तर बरं झालं असतं. जिन्याची पायरी असेल म्हणून पाय टाकावा आणि तिथे नसावी, तसं काहीतरी त्यांच्या चेहऱ्यावर झालं.

“तुम्ही?” एवढंच ते म्हणाले.

मग त्यांनी ‘रुग्णाने’ हा शब्द एकेक अक्षर करत खोडला.

*

एकोणीस वर्षांत थोरलीनं एक चेहरा तयार केला होता. बाई बोगद्यातून बाहेर येते, तेव्हा आधी छताकडे बघत नाही, घड्याळाकडे बघत नाही. ती फोटो काढणारीच्या तोंडाकडे बघते. अहवाल दोन दिवसांनी येतो, पण बाई तो तिथेच वाचायला लागते. म्हणून तोंड कोरं ठेवायचं. हसू नेहमीचं, डोळे नेहमीचे. कुणाची गाठ असो, नसो.

तिनं सुई काढली, कापूस दाबला, चिकटपट्टी लावली. धाकटीला बसतं केलं. गालावर गादीचे वळ उठले होते, लहानपणी दुपारी झोपून उठायची तसे.

“झालं,” थोरली म्हणाली. “चक्कर नाही ना येत? पाणी भरपूर पी आज.”

धाकटी तिच्याकडे बघत राहिली.

“तू माझ्याकडे पेशंटसारखं बघतेयस,” ती म्हणाली.

तो चेहरा उतरवायचा कसा, ते थोरलीला ठाऊक नव्हतं. चढवायचा तेवढं शिकली होती. ती टेबलाच्या कडेला, बहिणीशेजारी बसली. दोघींचे पाय लोंबकळत होते.

“आहे ना?”

थोरलीनं होकारार्थी मान हलवली.

“आईसारखं?”

“काखेत आहे. हाडातही असावं. अजून तपासण्या होतील, डॉक्टर नीट सांगतील...” शब्द आपोआप येऊ लागले, नेहमीचे, रांगेनं. तिनं ते तिथेच तोडले. “मागच्या वेळीही होतं. तांदळाएवढं. त्या इंजेक्शनांच्या उजेडात ते दिसलं नाही. तेव्हा दिसलं असतं तर...”

तर पुढे काय, ते दोघींनाही ठाऊक होतं. आईच्या वेळी दोघींनी मिळून ते पाठ केलं होतं.

“मी सांगायला हवं होतं,” धाकटी म्हणाली.

“मी विचारायला हवं होतं. रोज वीस बायकांना विचारते. तुला नाही विचारलं. तुझा फॉर्म तू यायच्या आधीच भरला मी.”

धाकटीनं हे ऐकलं आणि कापसाखालचं रक्त थांबलंय का, ते पट्टी उचलून पाहिलं. परत चिकटवली. मग ती म्हणाली, “विचारलं असतंस तरी मी नाहीच म्हणाले असते.”

थोरलीनं तिच्याकडे पाहिलं. खोटं बोलणाऱ्या बाया ती ओळखायची. आवाजावरून नाही, हातांवरून. पण धाकटीनं हात गाऊनच्या आत घेतले होते. टेबल लागलं, हेही ती याच आवाजात म्हणाली होती. मग आत्ताचं खरं होतं? की आईच्या पश्चात राहिलेल्या माहेरच्या एकुलत्या एक माणसाच्या डोक्यावरचं ओझं ती आपल्या डोक्यावर घेत होती? ते कळायचा एकच मार्ग होता, विचारणं. आणि तोच एक प्रश्न आता जन्मभर विचारता येणार नव्हता.

दारावर मावशींनी बोटानं टकटक केलं. “ताई, पुढची बाई आलीये. सासू सोबत आहे. पाटी दाखवली तरी ऐकेना.”

“येते,” थोरली म्हणाली. उठली मात्र नाही.

“ह्यांना तू सांग,” धाकटी म्हणाली. “माझ्याच्यानं नाही व्हायचं. तुला सवय आहे माझं सांगायची.”

त्यात टोमणा नव्हता. असता तर थोरलीला धरायला काहीतरी मिळालं असतं.

ती दारापर्यंत गेली. अर्ध्या काचेतून बाकावरचा तो दिसत होता, गुडघ्यांवर कोपरं टेकून, मुठीत रुमाल. त्याच्याकडे जायचं म्हणजे दहा पावलं. बहिणीच्या वतीनं उभ्या आयुष्यात ती कितीदा अशी गेली होती, शाळेत, दवाखान्यात, लग्नाच्या बोलणीत. शब्दांसाठी कधी थांबावं लागलं नव्हतं.

ती वळली.

“काय सांगू?” तिनं विचारलं.

धाकटीनं मान वर केली. जणू ही भाषा तिनं पहिल्यांदाच ऐकली होती. ओठ हलले, थांबले. थोरली वाट बघत उभी राहिली. बाहेर त्यानं काचेपलीकडे तिची पाठ पाहिली, बाकावरून उठला आणि पाटीपाशी येऊन थांबला.

धाकटी अजून उत्तर शोधत होती.